एक अभ्यास जास्तीचा

श्रुतिका घाडी ऑफिसात शिरली ती वादाच्या सुरातच. खुर्चीवर बसायच्या आधीच तिने सांगून टाकलं, की तिला दया नको, पुरावा हवा आहे; आणि तो सोमवारी अकराच्या आत हवा आहे.

मुलुंडच्या पाच रस्त्याजवळ, एका पोळी-भाजी केंद्राच्या डोक्यावर उत्तरा केरकरचं ऑफिस आहे. खासगी तपासाचं काम ती वीस वर्षं करते. लग्न ठरवण्याआधीच्या चौकश्या ती घेत नाही, म्हणून या धंद्यातले लोक तिला वेडी समजतात. तिच्या समोरच्या टेबलावर सहदेव तावडे बसतात. विमा कंपनीच्या रेकॉर्ड विभागात चौतीस वर्षं काढल्यावर घरी बसवेना, म्हणून ते इथे यायला लागले. काका फायली सुरेख लावतात. निष्कर्ष काढायला गेले की मात्र हमखास उलट्या दिशेला जातात, आणि तेही ठामपणे.

श्रुतिका जोगेश्वरीची. आईने डबे करून तिला शिकवलं, आणि घाटकोपरच्या एका कॉलेजात तिच्या पीएच.डी.चं हे सहावं वर्ष होतं. विषय ऐकून काकांनी जांभई दाबली, ते तिने पाहिलं आणि मुद्दाम सावकाश समजावून सांगितलं.

कंपनीचा नफा ठरावीक मर्यादेबाहेर गेला की त्यातला दोन टक्के भाग तिने समाजाच्या कामावर खर्च करायचा, असा आपल्याकडे कायदा आहे. कंपन्या शाळेला बाक देतात, वस्तीत संडास बांधतात, पाटी लावतात, फोटो काढतात. या कायद्यावर गेल्या दहा वर्षांत संशोधकांनी ढिगाने लेख लिहिले. श्रुतिकाने त्या लेखांचाच अभ्यास केला होता. संशोधकांनी नेमकं काय विचारलं, आणि कुणाला?

“कुणाला विचारलं?” उत्तरा म्हणाली.

“कंपन्यांना. खर्च किती झाला, शेअरचा भाव वाढला का, संचालकांत बायका किती. ज्यांच्यासाठी हे सगळं केलं त्यांना विचारणारे अभ्यास मोजून अकरा. दोनशे तेरामधले अकरा.”

प्रबंधातलं हे प्रकरण तिने जूनमध्ये कॉलेजला दिलं. कॉलेजच्या संगणकाने ते तपासलं आणि चोरी पकडली. मे महिन्यात एका नियतकालिकात आलेल्या लेखातले तक्ते आणि तिचे तक्ते जवळजवळ तेच होते. लेखावर तीन नावं होती. डॉ. नंदकुमार देवस्थळी, म्हणजे श्रुतिकाचेच मार्गदर्शक. शर्मिष्ठा प्रधान, त्याच विभागातल्या प्राध्यापक. आणि निहार गुप्ते, तिच्याबरोबरचा पीएच.डी.चा विद्यार्थी. कंपन्यांच्या समाजकार्याचा परिणाम तपासून अहवाल देणाऱ्या अंधेरीच्या एका फर्ममध्ये तो नोकरीला होता.

“आकडे माझे,” श्रुतिका म्हणाली, “आणि शेवटी काय लिहिलंय, तर हे संशोधन आता परिपक्व झालंय आणि कंपन्यांची कामगिरी समाधानकारक आहे. चोरलं त्याचं एकवेळ सोसलं असतं. उलटं करून छापलं, ते नाही सोसणार.”

सोमवारी समिती बसणार होती. चोरी सिद्ध झाली तर तिची नोंदणी रद्द होणार होती. सहा वर्षं पाण्यात, आणि नावाला कायमचा डाग.

पुरावा म्हणून तिच्याकडे एक खोकं होतं. साड्यांच्या खोक्यांचा पुठ्ठा कापून तिने कार्डं केली होती. एका अभ्यासाला एक कार्ड, सगळं हाताने लिहिलेलं. कशावरही तारीख नव्हती. संगणकावर तिने सगळं उतरवलं ते जूनमध्ये. समितीचं म्हणणं, कार्डं काय, कालही लिहिता येतात.

“ही कार्डं कुणी पाहिली होती?”

तिघांनाही हे काम ठाऊक होतं. देवस्थळी सरांनी फेब्रुवारीत अख्खी दुपार खोकं चाळलं होतं. अशा अभ्यासात दुसऱ्या माणसाने प्रत्येक लेख स्वतंत्रपणे वाचून त्याचा वर्ग ठरवायचा असतो. ते काम प्रधान मॅडमनी केलं होतं, खोकं आणि लेख आठवडाभर घरी नेऊन. निहारने आलेख काढून द्यायची तयारी दाखवली, म्हणून श्रुतिकाने त्याच सुमारास वर्षवार आणि वर्गवार आकडे एका फूलस्केप कागदावर लिहून त्याला दिले होते, आणि लेख कुठल्या सूचीतून कसे शोधले ते तोंडी सांगितलं होतं.

“तिघांपैकी एकाने तोंड उघडलं तरी मी सुटते,” ती म्हणाली. “पण लेखावर तिघांची नावं आहेत. आता कुणालाच काही आठवत नाही.”

ती गेल्यावर काकांनी दुपारभर दोन्ही तक्ते शेजारी ठेवून ताडले. संध्याकाळी त्यांनी पोरीच्या विरुद्ध निकाल दिला.

“उत्तरा, फरक फक्त तीन जागी आहे. एकूण अभ्यास हिचे दोनशे तेरा, त्यांचे दोनशे चौदा. दोन हजार सोळा सालचे हिचे आठ, त्यांचे नऊ. आणि लोकांना विचारणारे हिचे अकरा, त्यांचे बारा. त्यांच्या सगळ्या बेरजा चोख जुळतात. म्हणजे त्यांचं काम जास्त कसून झालंय. हिने एक गाळून चोरी लपवली असणार.”

“समितीही हेच म्हणते?”

“हेच.”

“मग काका, आपण तो एक शोधू या,” उत्तरा म्हणाली आणि तिने चहा मागवला.

डॉ. देवस्थळींनी त्यांना केबिनमध्ये बसवलं, पण पंधरा मिनिटं स्वतः उभेच राहिले. त्यांना कार्डं आठवत नव्हती. श्रुतिका मेहनती आहे, पण तिला संशोधनाची शिस्त नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं. उदाहरण हवं का? फेब्रुवारीत ही मुलगी कुठल्याशा महिला मंडळाची चोपडी अभ्यास म्हणून धरून बसली होती. घरगुती चोपडी संशोधनात मोडत नाही, ती काढून टाक, असं त्यांनी तिला ठणकावलं होतं. लेखाबद्दल विचारलं तेव्हा ते म्हणाले, की लेख निहारने लिहिला, सही त्यांनी केली. वर्षाला बारा-पंधरा लेखांवर त्यांची सही असते.

शर्मिष्ठा प्रधान बोलायला तयारच नव्हत्या. त्यांच्या बढतीची फाईल वर गेली होती आणि त्यात हा लेख होता. लेखातल्या सगळ्या अभ्यासांचे वर्ग मीच ठरवले, एवढं त्या पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या. मग उत्तराने सहज विचारलं, की एवढे लेख वाचताना कंटाळा नाही का आला?

“आला ना,” त्या म्हणाल्या. “एक तेवढा नाही. हाताने लिहिलेला होता, दोऱ्याने शिवलेला. तो मी दोनदा वाचला.” एवढं बोलून त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि तासाला जायचं आहे म्हणून उठल्या.

निहार गुप्तेचं ऑफिस अंधेरीला, चकाल्याच्या एका काचेच्या इमारतीत. त्याने कॉफी मागवली, हसून बोलला, आणि श्रुतिकाबद्दल वाईट वाटतं म्हणाला. त्या वातावरणातून आलेली मुलगी आहे, राग येणं साहजिक आहे, असंही म्हणाला. उत्तराचा चेहरा त्या वाक्यावर बदलला, पण तिने त्याला बोलू दिलं.

“एकच मोठी संशोधन-सूची घेतली, मॅडम. डिसेंबरअखेरपर्यंतचे, फक्त इंग्रजी लेख. दोनशे चौदा मिळाले. लेखात पद्धत दिलीय, कुणीही करून बघावं.”

“सगळे तुम्ही वाचलेत?”

“एकन् एक.”

“यादी मिळेल?”

यादी फर्मच्या सर्व्हरवर होती आणि गोपनीय होती. समितीने मागितली तर बघू, असं तो म्हणाला.

खाली उतरल्यावर काका म्हणाले, की पोरगा सज्जन वाटतो, पद्धत उघड सांगतो. उत्तरा तडक घाटकोपरला कॉलेजच्या ग्रंथालयात गेली. ग्रंथपाल सुलक्षणा मोहिते यांच्यापुढे तिने छापील लेख ठेवला, आणि त्यात लिहिलेल्या पद्धतीने शोध घ्यायला सांगितलं. तीच सूची, तेच शब्द, तीच तारीख, तीच भाषा. मोहितेबाईंनी तो तीनदा घेतला. तिन्ही वेळा दोनशे तेरा. सोळा सालचे आठ.

मग उत्तराने श्रुतिकाला फोन करून एक पत्ता विचारला.

रत्नप्रभा परब जोगेश्वरीला गुंफेच्या वरच्या अंगाच्या वस्तीत राहतात. पालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या. आता एकाहत्तर वर्षांच्या. त्यांच्या वस्तीत एका कंपनीने या कायद्याखाली संडास बांधला आणि भिंतीवर मोठा बोर्ड लावला होता.

“बोर्डार लिवलेला, चारशे कुटुंबांचो फायदो झालो,” त्या म्हणाल्या. “आमच्या वस्तीत घरां अठ्ठावन. म्हटलंय, ह्ये चारशे खय रवतत ता तरी बघूया. आमका कोण इचारूक इलो नाय, म्हणान आमीच घरोघर जावन इचारला.”

अठ्ठावन घरं, एकोणीस प्रश्न. संडासाला दिवसातले किती तास कुलूप असतं, बायका कुठे जातात, शाळेत जाणाऱ्या मुलींचं काय होतं. बचत गटाच्या बायकांनी उत्तरं लिहून घेतली आणि रत्नप्रभाबाईंनी त्याची चोपडी केली. दोन हजार सोळाच्या संक्रांतीला मंडळाने ठरवलं, की हळदीकुंकवाला यंदा प्लॅस्टिकचे डबे वाटायचे नाहीत. वाण म्हणून प्रत्येक घरी त्या चोपडीची झेरॉक्स गेली. एक श्रुतिकाच्या आईला मिळाली होती.

“कंपनीला, कॉलेजला, पेपरवाल्यांना कुणाला प्रत पाठवली होती?” उत्तराने विचारलं.

“वाण कोण दुसऱ्याक देता काय गो? घराघरात आसत. माझी ही बघ, देवाच्या फळयेर.”

उत्तराने चोपडी उघडली. हाताने लिहिलेली, मराठीत, पाठीला दोऱ्याने शिवलेली. रत्नप्रभाबाईंना तिने सोमवारी यायची विनंती केली. बाई म्हणाल्या, बोलावलं नसतं तरी आले असते.

सोमवारी अकराला समिती बसली. अध्यक्ष डॉ. प्रबुद्ध गायकवाड बाहेरच्या विद्यापीठातून आले होते. ते कमी बोलत आणि समोरचा प्रत्येक कागद वाचून काढत. एका बाजूला तिघं लेखक, दुसऱ्या बाजूला श्रुतिका, आणि मागच्या बाकावर काका व रत्नप्रभाबाई. श्रुतिकाने आपल्या वतीने बोलायला उत्तराचं नाव दिलं, तेव्हा देवस्थळी हसले.

“मला आधी सरांनाच एक विचारायचंय,” उत्तरा उभी राहून म्हणाली. “श्रुतिकाला तुम्ही एक घरगुती चोपडी काढून टाकायला सांगितलं होतं. कधी?”

देवस्थळींना हा विषय आवडीचा होता. ते म्हणाले, की शिवजयंतीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी. त्यांना पक्कं आठवतं, कारण त्यावर तासभर वाद झाला होता. मुलगी ऐकत नव्हती. दर्जाच्या बाबतीत आपण तडजोड करत नाही, हे समितीने नोंदवून घ्यावं.

गायकवाडांनी नोंदवून घेतलं.

“कुठल्या सालची चोपडी होती?”

“सोळा. वर कुणीतरी संक्रांत दोन हजार सोळा असं लिहिलं होतं.”

“म्हणजे अठरा फेब्रुवारीला श्रुतिकाचं काम तुमच्यासमोर होतं,” उत्तरा म्हणाली. “सगळे अभ्यास वेगळे काढून, मोजून झालेले. त्याशिवाय त्यातला एक काढायचा वाद तासभर होत नाही. आणि हा लेख नियतकालिकाकडे पोचल्याची तारीख छापलेली आहे. सव्वीस मार्च.”

देवस्थळींचा हात चष्म्याकडे गेला आणि तिथेच राहिला.

उत्तराने मोहितेबाईंचा सही केलेला कागद गायकवाडांपुढे ठेवला. लेखातली पद्धत जशीच्या तशी वापरली की दोनशे तेरा अभ्यास मिळतात. लेखात दोनशे चौदा आहेत. छपाईची चूक म्हणावी, तर ती एका जागी होते. इथे एकूण एकाने जास्त, सोळा साल एकाने जास्त, आणि लोकांना विचारणारे अभ्यास एकाने जास्त. चुका अशा ठरवून एकमेकींशी जुळत नाहीत. म्हणजे हे आकडे मांडणाऱ्याच्या हातात आणखी एक अभ्यास खरोखर होता. सोळा सालचा. लोकांना विचारलेला. आणि त्या सूचीत नसलेला.

“असा एकच अभ्यास आहे,” ती म्हणाली आणि शिवलेली चोपडी टेबलावर ठेवली. “तो हळदीकुंकवाच्या वाणातून फक्त त्या वस्तीच्या घरांत गेला. जगातल्या कुठल्याही सूचीत तो नाही. तो मोजणीत धरायचा, तर आधी श्रुतिका घाडीच्या घरात यायला हवं. तिने सरांच्या सांगण्यावरून तो काढला, म्हणून तिचे दोनशे तेरा. चोराला तो काढायचाय हे कळलंच नाही. त्याच्याकडे त्याआधीचे आकडे होते.”

गायकवाडांनी विचारलं, चोर कोण? लेखक तर तिघं आहेत.

“सर नाहीत. त्यांनीच चोपडी काढायला लावली होती. आकडे त्यांनी चोरले असते, तर एक वजा करून चोरले असते. प्रधान मॅडमही नाहीत. त्यांनी ती चोपडी वाचलीय, दोनदा. हाताने लिहिलेली, दोऱ्याने शिवलेली, हे त्यांनीच मला सांगितलं. ती मराठीत आहे, हे ठाऊक असलेलं माणूस ‘दोनशे चौदा लेख, सगळे इंग्रजी’ असं लिहून फसणार नाही. म्हणजे उरला तो, ज्याने एकही कार्ड पाहिलं नव्हतं. ज्याला एका फूलस्केपवर फक्त आकडे मिळाले. आकड्याला भाषा नसते, शिवण नसते. त्याला वाटलं, सगळे सूचीतलेच असणार.”

निहार उठला. हा केवळ तर्क आहे, असं म्हणाला.

“मग सोळा सालचा नववा अभ्यास सांगा,” उत्तरा म्हणाली. “तुम्ही एकन् एक वाचलाय. नाव नको. कुठल्या गावातला होता, एवढं सांगा.”

निहारने लेखाची पानं उलटली. त्यात आकडे होते, गावं नव्हती. गायकवाडांनी पुरेसा वेळ जाऊ दिला आणि मग त्याला बसायला सांगितलं.

मागच्या बाकावरून काकांनी तेवढ्यात कबूल करून टाकलं, की बेरीज चोख असणं म्हणजे काम चोख असणं नव्हे. चौतीस वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं. रत्नप्रभाबाईंनी त्यांना गप्प बसायची खूण केली.

मग शर्मिष्ठा प्रधान बोलल्या. खोकं त्यांच्या घरी आठवडाभर होतं, फेब्रुवारीत. लेख वाचायला आला तेव्हा त्यांनी फक्त स्वतःचं नाव नीट लिहिलंय का, एवढंच पाहिलं. आरोप झाल्यावर मात्र सगळं कळूनही त्या गप्प राहिल्या. हे सांगताना त्यांनी श्रुतिकाकडे पाहिलं नाही. श्रुतिकानेही त्यांना धीर दिला नाही, आणि द्यायची गरजही नव्हती.

निकालाला वीस मिनिटं लागली. आरोप रद्द. नियतकालिकाला पत्र जाणार, निहार गुप्तेवर कारवाई होणार, उरलेल्या दोघांकडून लेखी खुलासा मागवणार. काका इतके खूश झाले की त्यांनी रत्नप्रभाबाईंना नमस्कारच केला.

तेवढ्यात देवस्थळी सावरले. झालं ते दुर्दैवी झालं, पण मुलीचं नुकसान व्हायला नको, असं ते म्हणाले. प्रकरण आहे तसंच ठेवावं, दोनशे तेरा. चोपडीचा घोळ पुन्हा घालू नये. ते आजच सही करतील आणि डिसेंबरपर्यंत पदवी हातात येईल.

सहा वर्षं ज्यासाठी घालवली ते टेबलाच्या पलीकडे, एका सहीच्या अंतरावर होतं. श्रुतिका उभी राहिली.

“दोनशे चौदा,” ती म्हणाली. “अठ्ठावन घरांनी उत्तरं दिलीत, सर. ती मी एकदा तुमच्या शब्दाखातर काढली आणि तेव्हापासून मला माझंच प्रकरण वाचवत नव्हतं. आता नाही काढणार. आणि तुमची सहीही नको.”

गायकवाडांनी तिला शांतपणे समजावलं. नवा मार्गदर्शक मिळून सगळं पुन्हा मंजूर व्हायला वर्ष जाईल, कदाचित दीड.

“जाऊ दे,” ती म्हणाली.

तिने एक कोरा कागद मागून घेतला आणि समितीच्या टेबलावर वाकून तिथेच अर्ज लिहिला. मार्गदर्शक बदलून मिळावा. कारण म्हणून तिने एवढंच लिहिलं: यांनी न वाचता सही केली.

देवस्थळींनी हे असं लिहिता येत नाही म्हणून हरकत घेतली. गायकवाडांनी अर्ज हातात घेतला, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, आणि मग सही केली.